सलग मोकळे नंबर शोधायची क्वेरी इतकी अवघड का होती

नाट्यगृहात एका रांगेतल्या सलग तीन खुर्च्या हव्यात किंवा एखाद्या ऑफिसला लागोपाठचे दहा फोन नंबर द्यायचेत, माणूस तक्ता बघून लगेच सांगतो, पण एसक्यूएलला, म्हणजे डेटाबेसला प्रश्न (क्वेरी) विचारायच्या भाषेला, याच कामात वर्षानुवर्षं घाम फुटायचा. त्याचं मूळ थेट १९७० मध्ये आहे. आयबीएमच्या एडगर कॉडने तेव्हा माहिती टेबलांत ठेवायचं रिलेशनल मॉडेल मांडलं, त्यात टेबल म्हणजे गणितातला संच, आणि संचात मागची ओळ-पुढची ओळ असं काही नसतंच. १९७४ ची सीक्वेल, म्हणजे पुढची एसक्यूएल, याच पायावर उभी राहिली.

मग जुने लोक टेबल स्वतःलाच जॉइन करायचे, म्हणजे त्याच्या ओळी त्याच्याच ओळींशी जुळवायचे: ज्याच्या आधीचा नंबर मोकळा नाही ती सुरुवात, ज्याच्या पुढचा नाही तो शेवट, आणि प्रत्येक सुरुवातीला तिच्यापासून सगळ्यात जवळचा शेवट जोडायचा. उत्तर बरोबर यायचं पण टेबल मोठं झालं की क्वेरी रखडायची, म्हणून कित्येक जण सरळ कर्सर लावून एकेक ओळ फिरवायचे.

खरी सुटका केली विंडो फंक्शन्सनी, म्हणजे प्रत्येक ओळीला आजूबाजूच्या ओळी बघून हिशोब करू देणाऱ्या फंक्शन्सनी. ओरॅकल ८आय या डेटाबेसमध्ये ती आधीच होती, एसक्यूएलच्या २००३ च्या स्टँडर्डमध्ये पक्की झाली, मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरला २००५ मध्ये रो नंबर, म्हणजे ओळींना क्रमांक देणारं फंक्शन, मिळालं. आणि इथली युक्ती मला आजही फार सुंदर वाटते. मोकळ्या खुर्च्या ३, ४, ५, ८, ९, १२. त्यांना क्रमाने १ ते ६ रो नंबर द्या आणि खुर्चीच्या नंबरातून तो वजा करा: २, २, २, ४, ४, ६. सलग आहे तोवर दोन्ही आकडे एकेकानेच वाढतात म्हणून फरक हलत नाही, खंड पडला की फरक उडी मारतो. त्या फरकावर ग्रुप बाय केलं (सारख्या फरकाचे गट), हॅविंग काउंट किमान ३ लावलं (निदान तीन ओळींचेच गट), की ३ ते ५ हातात! जपानमध्ये दोन प्रवाशांमधल्या अंतराची गणितं असतात, तबिबितोसान, ओरॅकलवाल्यांत या पद्धतीला तेच नाव पडलं. बाकी जगात हा सगळा प्रश्न गॅप्स अँड आयलंड्स (खंड आणि बेटं) म्हणून ओळखला जातो.

पोस्टग्रेस या डेटाबेसला विंडो फंक्शन्स २००९ ला आली, मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसला मात्र थेट २०१८ ला, तोवर तिथे व्हेरिएबल वापरून कशीबशी मोजणी चालायची. आणि २०२१ च्या पोस्टग्रेस १४ मध्ये रेंज ॲग हे फंक्शन आलं, ते लागून असलेल्या रेंज (इथून-तिथपर्यंतचे पट्टे) आपणच जोडून देतं.

एक गोष्ट यातल्या कुठल्याच युक्तीने सुटली नाही, सलग नंबर सापडणं वेगळं आणि ते आपल्यासाठी राखून ठेवणं वेगळं, मधल्या क्षणात दुसऱ्याच कुणाला तेच नंबर दिसू शकतात, त्यामुळे बुकिंगच्या सिस्टीममध्ये ट्रान्झॅक्शन (सगळं एकत्र होईल नाहीतर काहीच नाही) आणि लॉक (दुसऱ्याला तोवर थांबवणं) आजही लागतातच.