येलची ‘ऑफर’ म्हणजे स्कॉलरशिप नव्हे

‘येलकडून ऑफर आली!’ असं अमेरिकेतला एखादा सतरा वर्षांचा क्वार्टरबॅक (अमेरिकन फुटबॉलमध्ये संघाचा हल्ला चालवणारा खेळाडू) जाहीर करतो आणि लगेच बोभाटा होतो की पोराला फुटबॉलवर फुकट शिक्षण मिळालं. हे साफ चूक आहे. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनसह आयव्ही लीग या अमेरिकेतल्या नामवंत गटातली आठही विद्यापीठं खेळासाठी एक डॉलरचीही शिष्यवृत्ती देत नाहीत. शिष्यवृत्ती न देण्याचा हा त्यांचा आपसातला करार फुटबॉलपुरता 1945चा. 1954 मध्ये तो सगळ्या खेळांना लागू झाला.

मग ऑफर कसली? प्रशिक्षक प्रवेश समितीकडे तुमच्यासाठी शब्द टाकणार, एवढीच. निर्णय समितीचा. ती मार्क बघते, आणि ते बेताचे असतील तर प्रशिक्षकाचाही नाइलाज. तिला मुलगा पसंत पडला, तर ‘लाइकली लेटर’ येतं: गाडी रुळावरून घसरली नाही तर प्रवेश नक्की. खरी बातमी ही. बाकी नुसती हवा.

पैसे मिळतात, पण घरचं उत्पन्न बघून, न खेळणाऱ्या विद्यार्थ्यांना मिळतात तसेच. म्हणून गुडघा गेला किंवा दुसऱ्या वर्षी खेळ सोडला, तरी मदत बंद होत नाही. मोठ्या फुटबॉल विद्यापीठांत मात्र खेळ आपणहून सोडला, तर शिष्यवृत्ती जाऊ शकते!