कुरआन वाचायला वेळेचं बंधन आहे का? ही समजूत आली कुठून

जवालच्या (भर दुपारी सूर्य डोक्यावर असतानाच्या) वेळी कुरआन उघडायचं नाही, सूर्य मावळत असेल तर मिटून ठेवायचं, असरच्या (दुपार उतरल्यावरच्या) नमाजनंतर तर वाचायचंच नाही, असं बरेच लोक अगदी खात्रीने सांगतात आणि ऐकणारा माणूस घाबरून जातो, कारण दिवसभराच्या कामातून त्याला नेमका तोच अर्धा तास मोकळा मिळालेला असतो. म्हणून सरळ उत्तर आधीच देऊन टाकतो. चोवीस तासांत अशी एकही वेळ नाही जेव्हा तिलावत, म्हणजे कुरआन वाचणं, हराम आहे. मग ही समजूत तयार कशी झाली, आणि रात्र न् पहाट हीच सगळ्यात चांगली वेळ असं का म्हणतात, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

सुरुवातच रात्रीपासून आहे. इ.स. ६१० च्या सुमारास, रमजान महिन्यात, हिरा गुहेत पहिल्या आयती (कुरआनची वचनं) उतरल्या आणि सूरह कद्र (सूरह म्हणजे कुरआनचा अध्याय) सांगते की हे उतरणं एका रात्री झालं. त्यानंतर मक्केतल्या अगदी सुरुवातीच्या काळात सूरह मुज्जम्मिल आली, त्यात पैगंबरांना (स.) हुकूम झाला की रात्री नमाजला उभे रहा, अर्धी रात्र किंवा त्याहून थोडी कमी किंवा थोडी जास्त, आणि कुरआन थांबत थांबत, स्पष्ट वाचा. कारणही तिथेच दिलंय: रात्रीचं उठणं मनावर जास्त ठसतं आणि वाचन नीट होतं, दिवसा तुमच्यामागे कामं खूप असतात. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. रात्र चांगली का, तर मन एका जागी राहतं आणि जीभ अडखळत नाही म्हणून, दिवसात काही दोष आहे असं तिथे कुठेच म्हटलेलं नाही.

आता पुढचा भाग लोक सहसा सांगत नाहीत. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशा (र.) यांची हदीस (पैगंबरांबद्दलची नोंदलेली आठवण) सहीह मुस्लिम या हदीससंग्रहात आहे, त्या म्हणतात की या सूरहच्या सुरुवातीने रात्रीचं उभं राहणं फर्ज, म्हणजे सक्तीचं, केलं, पैगंबर (स.) आणि सहाबा (त्यांचे साथीदार) वर्षभर उभे राहिले, आणि बारा महिन्यांनी याच सूरहचा शेवटचा भाग उतरला तेव्हा ते ऐच्छिक झालं. तो शेवटचा भाग म्हणजे विसावी आयत, ती वाचून बघा, त्यात आजारी माणसाचा उल्लेख आहे, रोजीरोटीसाठी प्रवास करणाऱ्याचा आहे, लढाईवर गेलेल्याचा आहे आणि मग दोनदा सांगितलंय की कुरआनमधलं जेवढं सोपं जाईल तेवढं वाचा. म्हणजे सवलत ही नंतरच्या कुणी मौलवीने काढलेली पळवाट नाही, ती त्याच सूरहमध्ये आहे जिथून रात्रीची फजीलत (मोठेपण) सुरू होते.

पहाटेचं मूळ सूरह बनी इस्राईलमध्ये, आयत ७८. फजरच्या (पहाटेच्या नमाजच्या) कुरआनला साक्षीदार हजर असतात असं तिथे म्हटलंय आणि हदीसमध्ये त्याचा खुलासा येतो की रात्रीचे फरिश्ते जायच्या बेतात असतात, दिवसाचे आलेले असतात, दोघे त्या नमाजला एकत्र असतात. यामुळेच फजरची किरात (नमाजमधलं कुरआनवाचन) लांब ठेवायची पद्धत पडली आणि नमाजनंतर तिथेच बसून थोडं वाचायची सवयही. लगेच पुढची आयत तहज्जुदची, म्हणजे रात्री उठून पढायच्या नमाजची, आहे, म्हणजे रात्र आणि पहाट एकाच ठिकाणी जोडून आल्यात.

मग मनाईच्या वेळा कुठून आल्या? त्या खऱ्या आहेत, फक्त त्या नमाजच्या आहेत. उकबा बिन आमिर (र.) यांची हदीस आहे की तीन वेळा अशा आहेत ज्यात पैगंबर (स.) आम्हाला नमाज पढायला आणि मय्यत दफन करायला मना करायचे: सूर्य उगवू लागतो तेव्हापासून वर येईपर्यंत, भर दुपारी सूर्य डोक्यावर असतो ते ढळेपर्यंत, आणि मावळतीला झुकतो तेव्हापासून मावळेपर्यंत. दुसऱ्या एका हदीसमध्ये, अम्र बिन अबसा (र.) यांच्या, उगवतीचं आणि मावळतीचं कारण असं दिलंय की त्या वेळी इतर लोक सूर्याला सजदा करायचे (कपाळ जमिनीला टेकवायचे). म्हणजे काळजी होती ती सजद्याची, की अल्लाहला केलेला सजदा सूर्यपूजेसारखा दिसू नये. वाचनात रुकू (कमरेत वाकणं) नाही, सजदा नाही, त्यामुळे ही अडचणच येत नाही. पण घरात मोठ्यांनी सांगताना ‘आत्ता नमाज नको, जवाल आहे’ एवढंच सांगितलं जातं, लहान मुलाला वाटतं की ही वेळच वाईट, आणि मग नमाज नको तर कुरआनही नको असं तो स्वतःच ठरवून टाकतो. पिढ्यान्पिढ्या असंच चालत आलंय असं मला वाटतं.

यात एक बारीक धागा मात्र फिकहच्या (धर्मनियमांच्या) पुस्तकांतला आहे आणि तो लपवून उपयोग नाही. हनफी मजहबचं (धर्मनियमांच्या चार परंपरांपैकी एक) ‘दुर्रे मुख्तार’ म्हणून प्रसिद्ध पुस्तक आहे, सतराव्या शतकात दमास्कसचे मुफ्ती हस्कफी यांनी लिहिलेलं, त्यात म्हटलंय की या तीन वेळांत कुरआन वाचण्यापेक्षा दुरूद (पैगंबरांसाठीची दुआ) पढणं जास्त चांगलं, कारण किरात हा नमाजचा एक रुक्न (आवश्यक भाग) आहे तर नमाज मना असताना तिचा रुक्नही बाजूला ठेवलेला बरा. नीट बघा, ही फक्त कमी चांगलं आणि जास्त चांगलं याची तुलना आहे, वाचलं तर गुनाह असं त्यात नाही. पण ‘न वाचलेलं बरं’ हे वाक्य तोंडातोंडी फिरता फिरता ‘वाचू नये’ आणि मग ‘मनाई आहे’ असं व्हायला कितीसा वेळ लागतो.

सजद्याची आयत (जी वाचल्यावर सजदा करायचा असतो) आली तर मात्र थोडा विचार करावा लागतो, कारण तिथे खरोखरच सजदा येतो. हनफी मत असं की आयत आधी वाचली असेल तर सजदा त्या तीन वेळांत करू नये, नंतर करावा, आणि आयत त्याच वेळी वाचली असेल तर तेव्हा केलेला सजदा होऊन जातो पण थांबून केलेला बरा. शाफई मजहबमध्ये कारण असलेला सजदा त्या वेळीही चालतो. एवढाच काय तो फरक.

असरनंतरचं प्रकरण वेगळं आहे आणि त्याचा माग इमाम नववी यांच्याकडे लागतो. नववी तेराव्या शतकातले, १२३३ ते १२७७, दमास्कसमध्ये शिकवायचे, आणि कुरआन वाचणाऱ्यांच्या आदबीवर त्यांनी ‘अत-तिब्यान’ नावाचं छोटं पुस्तक लिहिलं ज्यात वेळेवर स्वतंत्र चर्चा आहे. ते म्हणतात की सगळ्यात उत्तम तिलावत नमाजमधली, नमाजबाहेर रात्रीची, त्यातही रात्रीच्या दुसऱ्या अर्ध्या भागातली, मग मगरीब (सूर्यास्तानंतरची नमाज) आणि इशा (रात्रीची नमाज) यांच्या मधली, आणि दिवसा सगळ्यात चांगली फजरनंतरची. आणि मग साफ लिहितात की कुठल्याही वेळी वाचणं मकरूह (नापसंत) नाही. तिथेच ते एक जुनं मत नोंदवतात की काही बुजुर्ग असरनंतर वाचणं नापसंत करायचे कारण ती यहुदींच्या अभ्यासाची वेळ आहे असं म्हणायचे, आणि लगेच सांगतात की या मताला आधार नाही, ते स्वीकारता येत नाही. म्हणजे जी गोष्ट साडेसातशे वर्षांपूर्वी एका एवढ्या मोठ्या आलिमने खोडून काढली, ती आजही लोकांना अडवते.

वेळेबरोबर किती वाचायचं हा प्रश्नही पहिल्यापासून जोडलेला आहे. हिजरी ९ मध्ये ताइफहून सकीफ टोळीचे लोक मदिनेत आले होते, पैगंबर (स.) रोज इशानंतर त्यांच्याकडे जायचे, एका रात्री उशीर झाला तेव्हा म्हणाले की माझा कुरआनचा ठरलेला हिस्सा राहिला होता, तो पूर्ण केल्याशिवाय निघावंसं वाटलं नाही. मग त्या लोकांनी सहाबांना विचारलं की तुम्ही वाटणी कशी करता, तर उत्तर आलं तीन सूरह, पाच, सात, नऊ, अकरा, तेरा, आणि शेवटी उरलेल्या छोट्या सूरह. झाले सात दिवस. मुसहफमध्ये (कुरआनच्या प्रतीत) ज्या सात मंझिल असतात त्या हीच जुनी वाटणी. अब्दुल्लाह बिन अम्र (र.) यांना पैगंबरांनी आधी महिन्याला एक खतम (पूर्ण वाचन) सांगितला होता, ते आणखी आणखी मागत राहिले तेव्हा सात दिवसांवर आणून थांबवलं, आणि महिन्याच्या हिशोबाला तीस पारे (भाग) सोयीचे पडतात. मोरोक्कोमध्ये तर बाराव्या शतकात, अल-मोहाद राज्यकर्त्यांच्या काळापासून, मशिदीत फजरनंतर एक आणि मगरीबनंतर एक हिज्ब (अर्धा पारा) सगळ्यांनी मिळून वाचायची पद्धत पडली, साठ हिज्ब, महिन्यात खतम, आणि ती अजून चालू आहे. इमाम मालिक यांना एकत्र आवाजात वाचणं फारसं पसंत नव्हतं आणि तो मालिकी मजहबचाच देश, पण लोकांना वेळ बांधून मिळाली आणि ती टिकली.

खरी बंधनं घड्याळात नाहीत, वाचणाऱ्याच्या अवस्थेत आहेत. जनाबत (शरीरसंबंधानंतरची अशुद्धता) असेल तर आधी गुस्ल (पूर्ण आंघोळ), यावर चारही मजहब एकमत आहेत. हैजमध्ये (पाळीत) तोंडपाठ वाचायला मालिकी मजहब परवानगी देतो, इतरांची मतं वेगळी आहेत. मुसहफला हात लावायला वजू (नमाजआधी हात-तोंड-पाय धुणं). रुकू आणि सजद्यात कुरआन वाचायला हदीसमध्ये मनाई आहे. जुम्माचा खुत्बा (शुक्रवारचं प्रवचन) चालू असेल तर गप्प बसून ऐकायचं. आणि एक अवस्था अशी आहे जिच्याकडे आपण लक्षच देत नाही, ती म्हणजे झोप. सहीह मुस्लिममध्ये आहे की रात्री उभ्या राहिलेल्या माणसाची जीभ जड झाली आणि आपण काय म्हणतोय हे त्याला कळेनासं झालं तर त्याने आडवं व्हावं. सगळ्यात उत्तम वेळ चालू असतानासुद्धा हा हुकूम आहे.

आणि रात्रीचा हिस्सा राहिलाच तर? पैगंबरांची (स.) रात्रीची नमाज झोपेमुळे किंवा दुखण्यामुळे चुकली तर ते दिवसा बारा रकात (नमाजच्या फेऱ्या) पढायचे असं हजरत आयेशा (र.) सांगतात. हजरत उमर (र.) यांची हदीस तर थेट तिलावतीबद्दल आहे: ज्याचा हिस्सा किंवा त्यातला काही भाग झोपेमुळे राहिला आणि त्याने तो फजर आणि जोहर (दुपारची) या दोन नमाजांच्या दरम्यान वाचला, त्याच्या नावे तो रात्रीच वाचल्यासारखा लिहिला जातो. आता फजर ते जोहर या पट्ट्यात सूर्योदयही येतो आणि डोक्यावरचा सूर्यही येतो, आणि या हदीसमध्ये मधली ती मिनिटं सोडून वाचा असं कुठेही म्हटलेलं नाही.