हातोड्याखाली घडलेलं नोबल

इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डने 1344 मध्ये आधी सहा शिलिंगांचं सोन्याचं नाणं काढलं. त्यातल्या सोन्याच्या मानाने ही किंमत जास्त होती. लोक ते घेईनात, आणि त्याच वर्षी ते मागे घ्यावं लागलं. त्याच्या जागी आलेलं नोबल मात्र रुळलं. किंमत सहा शिलिंग आठ पेन्स, म्हणजे पौंडाचा तिसरा हिस्सा. 1351 पासून वजन 120 ग्रेन, म्हणजे 7.78 ग्रॅम, आणि सोनं जवळजवळ 24 कॅरटचं.

व्यास साधारण 34 मिलिमीटर. सोन्याच्या घनतेवरून हिशेब केला तर सरासरी जाडी अर्ध्या मिलिमीटरच्याही आत येते! एवढ्याशा पत्र्यावर एका बाजूला जहाजात उभा राजा, हातात तलवार आणि ढाल; दुसऱ्या बाजूला आठ कमानींच्या चौकटीत नक्षीदार क्रूस. ढालीवर इंग्लंडच्या सिंहांबरोबर फ्रान्सची फुलंही आहेत, कारण एडवर्ड फ्रान्सच्या गादीवर हक्क सांगत होता.

सोन्याची कांब ठोकून पातळ करायची, चकत्या कापायच्या, वजनाला बरोबर करायच्या. ठोकताना सोनं कडक होतं, म्हणून चकती तापवून पुन्हा मऊ करायची. यात कसूर झाली तर कडा तडकते. खालचा साचा लाकडी ठोकळ्यात रोवलेला, वरचा हातात धरलेला. मध्ये चकती, वरून हातोडा. वरचा साचा उडाला तर छाप दुहेरी उमटते, कलला तर एक बाजू पुसट राहते. घाव थेट वरच्या साच्यावर बसत असल्याने तोच आधी निकामी होतो. समोरासमोर दोन्ही साचे खोल असतील, तर दोन्हीकडे भरायला धातू पुरत नाही. तिथे नक्षी सपाट दिसते. हा झिजेचा नव्हे, घडणीचा दोष. नाणं पारखताना हा फरक कळायलाच हवा.

कडेलगतची अक्षरं आणि त्यांच्या बाहेरचं मण्यांचं कडं यांचा मोठा उपयोग होता. कुणी कड कातरून सोनं चोरलं की कडं तुटायचं, अक्षरं अर्धी व्हायची. आपल्या शिवराईवर तसं म्हणता येत नाही: तिथे चकतीपेक्षा साचा मोठा असे, त्यामुळे मजकूर मुळातच अर्धवट उमटे.

म्हणून नोबल हातात आलं की आधी कडं पाहावं, मग वजन करावं. कडं तुटलेलं आणि वजन कमी, तर नाणं कातरलेलं. कडं शाबूत असून वजन निम्म्याहून कमी भरलं, तर आत तांब्यासारखा हलका धातू आहे आणि सोनं फक्त मुलाम्यापुरतं.