जुनी जिप्सी कॅम्पिंगसाठी बनवणं

जिप्सी बनवणं म्हणजे दहा-वीस वर्षं वापरलेली मारुती जिप्सी स्वस्तात घ्यायची, खालून पूर्ण उघडून तिची चासी (खालचा लोखंडी सांगाडा), पाटे (स्प्रिंग), डिफ (ॲक्सलमधला गिअरचा गोळा, वळताना दोन चाकांना वेगळ्या वेगाने फिरू देणारा), ब्रेक ठणठणीत करायचे आणि मग तंबू, पाणी, शेगडी भरून डांबरी रस्ता संपतो तिथून पुढे दोन-तीन दिवस राहायला जायचं. महिंद्राची एमएम ५४०, मेजर, जुनी थार याही अशाच बनवतात आणि त्यांचा डिझेलचा जोर वेगळाच, पण कमी पैशात पहिली फोर बाय फोर (चारी चाकांना इंजिनची ताकद मिळणारी गाडी) घेणाऱ्याला जिप्सी जास्त सोपी जाते कारण ती हलकी आहे, इंजिन साधं आहे आणि तिचं काम येणारा मिस्त्री बहुतेक मोठ्या गावात सापडतो.

जिप्सी भारतात १९८५ च्या डिसेंबरमध्ये आली. मूळ गाडी सुझुकीची एसजे ४१०, तिचा लांब व्हीलबेसचा (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर जास्त असलेला) अवतार. सुरुवातीला ९७० सीसीचं इंजिन आणि चार गिअर होते, १९९३ मध्ये दोन चाकांमधली रुंदी वाढवून वाइड ट्रॅक आली, १९९६ मध्ये १३०० सीसी आणि पाच गिअरची जिप्सी किंग आली आणि २००० पासून एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनने पेट्रोल घेणारं) इंजिन, साधारण ८० हॉर्सपॉवरचं. २०१९ मध्ये सामान्य ग्राहकांसाठी विक्री बंद झाली. सैन्य, पोलीस, वनखातं सगळ्यांनी ही गाडी वापरली, ताडोब्यात सफारीला गेलेल्यांनी तर तिच्यात बसून वाघ बघितलेत. बांधणी मात्र शेवटपर्यंत तीच राहिली, शिडीसारखी चासी, पुढे-मागे दोन्हीकडे सॉलिड ॲक्सल (डाव्या-उजव्या चाकाला जोडणारा अखंड दांडा), चारी बाजूंना कमानपाटे, आणि गिअरबॉक्सच्या मागे वेगळा ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणारा, हाय आणि लो असे दोन गिअर असलेला डबा. त्यात लो टाकलं की हायच्या साधारण दीडपटीहून जास्त ताकद चाकाला मिळते आणि गाडी माणसाच्या चालीने दगडावर चढते. वजन टनाच्या आसपास, त्यामुळे चिखलात जिथे दोन टनाची एसयूव्ही बसते तिथून ही निघून जाते. हलकेपणा हाच तिचा खरा गुण, आणि बनवताना बहुतेक लोक नेमका तोच घालवतात.

गाडी बघताना

रंग बघू नये. नवा चकचकीत रंग असेल तर उलट जास्त वाकून बघावं. रबरी मॅट उचलायची, पुढच्या सीटच्या मागे आणि पायाखालच्या कोपऱ्यात स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून बघायचं. पत्रा टणक लागला तर ठीक, टोक आत गेलं आणि तपकिरी पापुद्रा हातात आला तर फ्लोअर गेलेला आहे. पत्र्याचं काम होतं, डेंटर नवा तुकडा कापून टाका मारून देतो, पण चासीच्या आत गंज असेल, हातोडीने हलकं ठोकल्यावर खणखणीत ऐवजी बद्द आवाज येत असेल, तर ती गाडी कितीही स्वस्त असली तरी सोडून द्यावी. कोकणात राहिलेल्या गाड्यांत खाऱ्या हवेने हे जास्त दिसतं.

मग पुढच्या चाकांच्या आतल्या बाजूला बघायचं. तिथे नकलचा गोळा असतो, चाक वळतं ते त्याच्यावर. गोळ्यावर ग्रीसचा पातळ हात असतो ते चालतं, पण पातळ तेल ओघळून टायरला लागलं असेल तर सील गेलीये. चाक उचलून वर-खाली हलवलं आणि कट्ट-कट्ट प्ले जाणवला तर किंगपिनचं (चाक वळतं ती खीळ) किंवा हबचं (चाकाचा मधला भाग) बेअरिंग गेलं, अशी गाडी एखाद्या खड्ड्यानंतर स्टिअरिंग अशी थरथरवते की हात सुटायची वेळ येते. आणि फोर बाय फोर खरंच लागतं का ते मातीत नेऊनच बघायचं: काही गाड्यांना पुढे फ्री व्हील हब (पुढची चाकं ॲक्सलला जोडायची-सोडवायची सोय) असतात, ते लॉक करायचे, फोर हाय टाकायचं, स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू फिरवायची, गाडी आखडल्यासारखी अडखळत वळली तर पुढची चाकं ओढतायत. हेच कारण कोरड्या डांबरावर फोर बाय फोर न लावण्याचं. पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या मध्ये डिफ नाही, त्यामुळे पुढच्या-मागच्या चाकांच्या फेऱ्यांतला फरक कुठे जिरत नाही आणि सगळा ताण गिअरवर येतो.

माझ्या पहिल्या जिप्सीत मागच्या डिफचा ड्रेन बोल्ट उघडला तर काळं तेल यायच्या ऐवजी घट्ट दुधाच्या चहासारखं काहीतरी आलं. पाणी गेलेलं. होतं काय, पळून तापलेला डिफ ओढ्याच्या थंड पाण्यात बुडतो, आतली हवा आकसते, श्वास घ्यायची नळी, म्हणजे ब्रीदर, मातीने बुजलेली असली की ती हवा सीलमधून पाणी ओढून घेते. बेअरिंग सगळे बदलावे लागले. उपाय अगदी स्वस्त, दोन्ही डिफ, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसच्या ब्रीदरला रबरी नळी जोडून ती बॉनेटमध्ये उंच नेऊन बांधायची.

आधी काय, नंतर काय

माझं मत स्पष्ट आहे, गाडीला जेवढे पैसे दिले साधारण तेवढेच बाजूला ठेवावेत आणि त्यातले पहिले पैसे न दिसणाऱ्या गोष्टींवर घालावेत. ब्रेकचे होज, सिलेंडर, शू. सगळी तेलं. पाट्यांच्या बुशी, शॅकल पिन, यू बोल्ट. प्रोपेलर शाफ्टचे (ॲक्सलपर्यंत ताकद नेणाऱ्या दांड्याचे) क्रॉस. रेडिएटर साफ करून सगळे पाइप नवे. वायरिंग जिथे टेप मारून जोडलेलं आहे तिथे कापून नीट फ्यूज-रिले लावून परत. हे झाल्यावर महिनाभर गाडी रोज चालवायची, जे सुटायचं ते घराजवळ सुटतं.

नंतर टायर. किंगला कंपनीचे २०५/७० आर १५ येतात, उंची साधारण ६६८ मिलिमीटर. २१५/७५ आर १५ टाकले की ७०३ होते, म्हणजे डिफचा गोळा जमिनीपासून पावणेदोन सेंटिमीटर वर जातो. लिफ्ट किटने बॉडी वर जाते, डिफ तिथेच राहतो, तो फक्त टायरने वर जातो, हे नव्या माणसाला कुणीतरी सांगायलाच पाहिजे. २३५/७५ टाकले तर अजून उंच, पण मग ते घासतात, इंजिन दमतं, ब्रेक लांब लागतात, म्हणून कॅम्पिंगच्या गाडीला २१५ चे ऑल टेरेन (डांबर आणि माती दोन्हीवर चालणारे) पुरे आहेत. स्पीडोमीटर मात्र पाच टक्के कमी दाखवायला लागतो, काट्यावर साठ म्हणजे खरे त्रेसष्ट. मड टेरेन (खोल नक्षीचे, खास चिखलाचे टायर) चिखलात भारी, पण पुण्याहून कोकणात उतरताना ओल्या डांबरावर घसरतात आणि कान किटतात. हवा कमी करणं ही सगळ्यात फुकटची सुधारणा आहे, चिखलात १८ पीएसआयपर्यंत उतरवलं की टायर लांबट पसरतो आणि पकड लगेच बदलते, फक्त परत भरायला बॅटरीवरचा कॉम्प्रेसर जवळ हवा.

विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारी मोटर) सगळ्यांना हवा असतो. त्याआधी पुढे-मागे चासीला पक्के बोल्ट केलेले रिकव्हरी हूक, गाडी ओढायचा एक चांगला पट्टा, दोन शॅकल (पट्टा अडकवायच्या लोखंडी कड्या) आणि एक फावडं घ्यावं. टो बॉलला (ट्रेलर जोडायचा मागचा गोळा) पट्टा कधीच लावायचा नाही, तो तुटून उडाला तर तोफेच्या गोळ्यासारखा जातो. ओढताना पट्ट्यावर ओली गोणी टाकायची, बघ्यांना पट्ट्याच्या दीडपट लांब उभं करायचं, आणि यात भीडभाड ठेवायची नाही.

कॅम्पिंगचं सामान भरताना परत वजनाकडे यावं लागतं. मागची समोरासमोरची बाकडी काढून तिथे प्लायवूडची फळी आणि खाली दोन खण करतात, खणात हत्यारं आणि भांडी, वर गाद्या. मागे पाय लांब करून झोपायला उंच माणसाला जागा पुरत नाही, त्यामुळे तंबू जमिनीवरच लावावा. छपरावरचा तंबू फोटोत छान दिसतो पण सॉफ्ट टॉपला (कापडी छपराला) त्याचं वजन पेलत नाही, आणि हार्ड टॉपवरही (पक्क्या छपरावरही) गाडी उतारावर आडवी असताना तेच वजन तिला पाडायला बघतं. वीस लिटरचा पाण्याचा कॅन म्हणजे वीस किलो, तो खाली आणि मागच्या ॲक्सलच्या पुढे ठेवायचा, करकचून बांधायचा. पाच किलोचा छोटा गॅस सिलेंडर, ताडपत्री, कोयता, घमेलं, दोन हेडटॉर्च. बाकी घरी.

कागदपत्रं आणि कायदा

खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं, पुढे फिटनेस करून पाच-पाच वर्षांनी वाढतं, आणि ही फी २०२२ च्या एप्रिलमध्ये ६०० वरून ५००० रुपये झाली होती, शिवाय ग्रीन टॅक्स. दिल्लीकडे पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी आली म्हणून तिकडून एनओसी घेऊन बऱ्याच जिप्सी खाली येतात, पण चासीवरचा नंबर खरवडलेला दिसला किंवा सैन्याच्या लिलावातली म्हणून विकतायत आणि लिलावाचा कागदच नाही, तर टोकनसुद्धा देऊ नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ नोंदीत फरक पडेल असा बदल करता येत नाही, सुप्रीम कोर्टानेही २०१९ मध्ये हेच सांगितलं. त्यामुळे पेट्रोल आरसीवर डिझेल इंजिन बसवलेली जिप्सी घेऊ नये, आणि लोखंडी बुल बार २०१७ पासून चालत नाही.

जायचं कुठे यालाही नियम आहेत. अभयारण्यात परवानगीशिवाय शिरता येत नाही, किनाऱ्यावर गाडी घातली तर गुन्हा दाखल होतो आणि भरती गाडी घेऊन जाते ते वेगळंच. मावळ, मुळशी, अकोले भागात गावकऱ्यांची खाजगी जमीन असते, तिथे आधी मालकाला विचारायचं, रात्रीचे पैसे ठरवायचे. पावसाळ्यात काळ्या मातीच्या शेतातून गाडी काढू नये, चाकोरी पडली की त्या बांधाचं पाणी पुढचे दोन महिने त्या चाकोरीतूनच वाहत राहतं.