आनुवंशिकी शिक्षण, सार्वजनिक आरोग्य परिचारिकांचे

आरोग्यसेविका, आरोग्य सहायिका व समुदाय आरोग्य अधिकारी यांना आनुवंशिक आजारांची तपासणी, नोंद आणि समुपदेशन यांसाठी दिले जाणारे शिक्षण. नाशिक जिल्ह्यात सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतील आदिवासी वस्तीमुळे त्याचा भर सिकलसेलवर (तांबड्या रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होणारा आनुवंशिक आजार) असतो. बी.एस्सी. नर्सिंगला हा विषय विकृतिशास्त्राला जोडून येतो. नाशिकलाच मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या (स्थापना १९९८) अभ्यासक्रमातही तसाच आहे. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले. ४० वर्षांपर्यंतच्या सुमारे ७ कोटी लोकांची तपासणी हे त्याचे लक्ष्य असल्याने गावपातळीवर या शिक्षणाची निकड वाढली.

सिकलसेलचे मूळ अकराव्या गुणसूत्रावरील, हिमोग्लोबिनचा एक भाग घडवणाऱ्या बीटा-ग्लोबिन जनुकात आहे. तेथील एका बदलामुळे प्रथिनसाखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येते. भारतात त्याची नोंद १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींत आणि त्याच सुमारास आसामच्या चहामळ्यांतील मजुरांत झाली. हा बदल किती वेळा घडला, याविषयी एकमत नाही. भोवतालच्या जनुकीय खुणांवरून आफ्रिकेतील चार व अरब-भारतीय एक असे पाच प्रकार ठरले आणि प्रत्येकाचा उगम वेगळा मानला गेला. २०१८ मधील संपूर्ण जनुकसंचाच्या विश्लेषणाने मात्र सुमारे ७,३०० वर्षांपूर्वीचा एकच आफ्रिकी उगम सुचवला. हे अनुमान वजनदार आहे. तरी अरब-भारतीय प्रकाराच्या स्वतंत्र उगमाचा पक्ष सोडून द्यावा इतका तो दुबळा झालेला नाही. परिचारिकेला यातले एक नक्की ठाऊक हवे : अरब-भारतीय प्रकारात गर्भ-हिमोग्लोबिन (गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन) जास्त टिकते, त्यामुळे लक्षणे पुष्कळदा सौम्य असतात, मूल धडधाकट दिसते आणि तपासणी लांबणीवर पडते.

सिकलसेलच्या प्राथमिक तपासणीत, म्हणजे सोल्युबिलिटी (विद्राव्यता) चाचणीसाठी, बोटातून २० मायक्रोलिटर रक्त घेऊन ते २ मिली द्रावणात मिसळतात. पाच मिनिटांनी नळीमागे रेघांचा कागद धरतात. रेघा दिसल्या नाहीत तर चाचणी होकारार्थी. द्रावण फ्रिजमधून काढून लगेच वापरले किंवा त्यातील डायथायोनाइट हे रसायन जुने झाले, तर निकाल फसवा येतो; म्हणून प्रत्येक खेपेला एक निरोगी व एक वाहक (एकच सदोष जनुक असलेल्या, पण आजारी नसलेल्या व्यक्तीचा) रक्तनमुना सोबत लावावा. हिमोग्लोबिन ७ ग्रॅमच्या खाली असल्यास रक्त दुप्पट घ्यावे. सहा महिन्यांच्या आतील बाळात किंवा नुकतेच रक्त चढवलेल्या रुग्णात नकारार्थी निकालावर विसंबू नये. ही चाचणी वाहक आणि रुग्ण यांत फरक करत नाही, म्हणून होकारार्थी निकालावरून कुणालाही ‘सिकलसेलचा पेशंट’ म्हणू नये. त्याचे रक्त जांभळ्या टोपणाच्या नळीत घेऊन एचपीएलसीसाठी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी प्रयोगशाळेतील तपासणी) पाठवावे. नळी बर्फाला टेकली तर पेशी फुटतात. शहरातील सिंधी, लोहाणा कुटुंबांत अधिक आढळणारा बीटा थॅलेसेमिया हा दुसरा आनुवंशिक रक्तविकार सोल्युबिलिटी चाचणीत सापडत नाही.

सर्वांत जास्त चुका संभाव्यता समजावताना होतात. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक ५० टक्के, निरोगी २५ टक्के असते. ऐकणारे जोडपे मात्र ‘चारातले एक’ असे धरते आणि पहिले आजारी निघाले की पुढची तीन सुटली, असे समजते. वर्गात दोन वाट्यांत प्रत्येकी एक लाल व एक पांढरा मणी ठेवून न बघता दोन्हींतून एकेक उचलायला लावतात. मणी प्रत्येक वेळी परत टाकलाच पाहिजे. तो बाहेर राहिला तर नेमका तोच गैरसमज पक्का होतो. मणी एकाच आकाराचे हवेत, नाहीतर बोटांना ओळखू येतात.

वाहकाने लग्न करू नये, असा सल्ला चुकीचा आहे. जोडीदाराची तपासणी करून घ्यावी. दोघे वाहक असतील तर वारेच्या पेशींची तपासणी साधारण १० ते १३ आठवड्यांत होते. म्हणून अशा जोडप्याची गर्भनोंदणी पाळी चुकताच व्हायला हवी. ती संधी हुकली तर १५ आठवड्यांनंतर गर्भजल तपासता येते. गर्भाचे लिंग सांगण्यास १९९४ च्या कायद्याने बंदी आहे, हे नमुना पाठवण्यापूर्वीच जोडप्याला स्पष्ट सांगतात.