गिळण्याचे व्यायाम: घरी सुरू करण्याआधी हे वाचा

कंठमण्यावर बोट ठेवा आणि आवंढा गिळा. कंठमणी वर जाऊन खाली येतो, ते बोटाला लागतं. तो वर जातो त्याच क्षणी श्वासनलिका झाकली जाते आणि घास अन्ननलिकेत उतरतो. अर्धांगवायू, पार्किन्सन किंवा घशाच्या रेडिएशननंतर हे उचलणं अनेकदा कमी पडतं. आम्ही घरी येऊन शिकवतो ते व्यायाम त्यासाठीच.

सगळ्यात साधा व्यायाम म्हणजे जोर लावून गिळणं. जीभ टाळूला घट्ट दाबायची, घसा आवळायचा आणि आवंढा गिळायचा. मेंडेलसन पद्धतीत कंठमणी वर गेला की दोन-तीन सेकंद तिथेच धरायचा. पहिल्या दिवशी हे क्वचितच कुणाला जमतं, म्हणून समोर आरसा ठेवा.

शेकर व्यायाम मेहनतीचा आहे. उशी न घेता उताणं झोपायचं, खांदे टेकलेलेच ठेवून फक्त डोकं उचलायचं आणि पायाची बोटं बघायची. मूळ पद्धत अशी: १ मिनिट धरायचं, १ मिनिट विश्रांती, असं ३ वेळा; मग ३० वेळा नुसतं वर-खाली. हे दिवसातून ३ वेळा, ६ आठवडे. वयस्कर माणसाला एवढं एकदम झेपत नाही, आम्ही काही सेकंदांपासून सुरुवात करतो. मानेचं दुखणं असेल किंवा गळ्यात ट्रॅकिओस्टॉमीची (श्वासासाठी गळ्याला छिद्र पाडून बसवलेली) नळी असेल तर शेकर करायचा नाही.

जीभ दातांत हलकी धरून गिळायचा व्यायाम फक्त लाळेवर करायचा. तोंडात घास किंवा पाणी असताना कधीही नाही.

आता खाण्याचं. आपल्या इंदूरच्या घरात सकाळी पोहे होणारच, पण मोकळे पोहे आणि वरची शेव घशात विखुरतात. साधं पाणी त्याहून फसवं, कारण घसा तयार होण्याआधीच ते खाली पोचतं. "दोन घोट पाजून बघू" हे मायेपोटीच होतं, तरी गिळण्याच्या तपासणीआधी कृपया करू नका. पाणी घट्ट करून द्यायचं का आणि किती, ते तपासणीनंतरच ठरतं.

ठसका लागत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. काहींच्या श्वासनलिकेत अन्न जातं आणि खोकलाही येत नाही. जेवणानंतर आवाज ओलसर, गुळगुळल्यासारखा येत असेल, वरचेवर ताप येत असेल किंवा वजन उतरत असेल, तर भरवणं थांबवून लगेच डॉक्टरांना दाखवा.

पहिल्या भेटीला डिस्चार्जचे कागद काढून ठेवा, आणि घरात जी व्यक्ती रोज भरवते तिला आवर्जून समोर बसवा.