पेटालुमाच्या कुरूप कुत्र्यांची अर्धशतकी परंपरा

कॅलिफोर्नियातील सोनोमा काउंटीत, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस सुमारे साठ किलोमीटरवर पेटालुमा नावाचे गाव आहे. जगातील सर्वांत कुरूप कुत्रा निवडणारी ‘वर्ल्ड्स अग्लिएस्ट डॉग’ ही स्पर्धा या गावाने जगाला दिली. दर उन्हाळ्यात विजेत्याचे छायाचित्र जगभरच्या वृत्तपत्रांत झळकते आणि लोक हसून पान उलटतात. विजेत्यांची यादी मात्र सुरुवातीपासून क्रमाने वाचत गेले, तर कुत्र्यांच्या रूपात माणसाने केलेली ढवळाढवळ आणि तिची भरपाई करू पाहणारी दुसरी माणसे, असे दोन्ही इतिहास तीत सापडतात.

या स्पर्धेचे मूळ शोधायचे तर आधी तिच्या नेमक्या उलट बाजूस, म्हणजे देखण्या कुत्र्यांच्या प्रदर्शनांकडे जावे लागते. पहिले संघटित श्वानप्रदर्शन 1859 साली इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे भरले. त्यात केवळ पॉइंटर आणि सेटर या शिकारी जातींना प्रवेश होता आणि विजेत्यांच्या मालकांना बक्षीस म्हणून बंदुका मिळाल्या, कारण तोवर कुत्र्याची किंमत त्याच्या कामावरून ठरत होती. पुढच्या काही दशकांत हे चित्र पालटले. 1873 मध्ये लंडनला केनेल क्लब ही श्वानजातींची नोंद ठेवणारी संस्था स्थापन झाली, 1877 मध्ये न्यूयॉर्कचे वेस्टमिन्स्टर प्रदर्शन सुरू झाले आणि 1891 मध्ये चार्ल्स क्रफ्ट यांनी लंडनमध्ये ‘क्रफ्ट्स’ हे आपल्या नावाचे प्रदर्शन भरवले. कान किती लांब असावेत, नाक किती आखूड असावे, शेपटी कुठे वळावी, याची लेखी मानके तयार झाली आणि त्या मानकांत बसणाऱ्या मोजक्या कुत्र्यांपासूनच पुढची पिढी घेण्याची रीत पडली. काम मागे पडले आणि रूपच कसोटी झाले. जी जनावरे या मोजमापात बसत नव्हती, त्यांच्यासाठी प्रदर्शनाच्या रिंगणात जागाच उरली नाही.

ती जागा त्यांना पेटालुमात मिळाली, यामागे गावाचा स्वभावही आहे. 1879 साली लायमन बाइस यांनी येथे अंडी उबवण्याचे व्यवहार्य यंत्र विकसित केले आणि त्यानंतर कोंबडीपालनावर वाढलेले हे गाव स्वतःला ‘जगाची अंड्यांची टोपली’ म्हणवून घेऊ लागले. विसाव्या शतकाच्या मध्यास इथल्याच एका मद्यगृहात पंजा लढवण्याच्या लढती सुरू झाल्या आणि 1962 पासून त्यांना जागतिक अजिंक्यपदाचे रूप आले. लहानशा गमतीला ‘जागतिक’ म्हणून मनापासून साजरे करण्याची सवय गावाला आधीपासूनच होती. गावाजवळ जनरल व्हायेहो यांनी 1836 च्या सुमारास उभारायला घेतलेला कच्च्या विटांचा जुना वाडा आहे आणि त्याच्या नावाने ‘ओल्ड अडोबी फिएस्टा’ हा उत्सव भरत असे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीस रॉस स्मिथ या स्थानिक गृहस्थांनी याच उत्सवात कुरूप कुत्र्यांची स्पर्धा सुरू केली. 1988 मध्ये ती सोनोमा-मरीन या कृषी जत्रेकडे आली. गुरे, मेंढ्या आणि घरगुती मुरंबे यांना बक्षिसे देणाऱ्या त्या जत्रेतील सर्वांत गाजणारा कार्यक्रम हळूहळू हाच ठरला.

स्पर्धेची पद्धत साधी आहे. कुत्रा मालकासह मंचावर येतो, लाल गालिच्यावरून चालतो आणि परीक्षक त्याचे पहिले दर्शन, त्याच्यातील वेगळेपण, त्याचा स्वभाव आणि प्रेक्षकांचा प्रतिसाद पाहून गुण देतात. कुत्र्याची प्रकृती ठीक असल्याचे पशुवैद्याचे प्रमाणपत्र लागते. बक्षिसाची रक्कम बरीच वर्षे दीड हजार डॉलरच्या आसपास होती, अलीकडे ती पाच हजारांवर गेली आहे.

पहिल्या काळात या स्पर्धेवर एका कुळाचे वर्चस्व होते. ‘आफ्रिकन सँड डॉग’ म्हणून नोंदवलेल्या ची-ची या केसहीन कुत्र्याने 1978 ते 1991 या काळात सात वेळा किताब जिंकला. हा विक्रम गिनेसमध्ये नोंदला गेला असून तो अजून कोणी मोडलेला नाही. ची-चीचा नातू रास्कल 2002 मध्ये विजेता ठरला. तरीही ही ख्याती बऱ्याच अंशी स्थानिकच राहिली होती. ती ओलांडली सॅमने. सँटा बार्बरा येथील सॅम हा ‘चायनीज क्रेस्टेड’ जातीचा, वृद्ध आणि आंधळा कुत्रा होता. डोळ्यांवर पांढरी साय, अंगावर चामखिळी व सुरकुत्या, वेडेवाकडे दात आणि डोक्यावर विरळ केसांचा झुबका अशा त्याच्या रूपाची छायाचित्रे नुकत्याच फोफावलेल्या इंटरनेटवरून जगभर पसरली. त्याने 2003, 2004 आणि 2005 असा सलग तीनदा किताब मिळवला आणि 2005 च्या नोव्हेंबरमध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, तो मरण पावला. पहिल्या मालकाला सांभाळणे अशक्य झाल्यामुळे सॅम नव्या घरी आला होता, तोही आधी केवळ तात्पुरता. सॅमच्या रूपावर जगभर जेवढे लिहिले गेले, त्या मानाने त्याला मिळालेल्या या दुसऱ्या घराची दखल फारच कमी घेतली गेली.

केसहीन कुत्री या यादीत पुन्हा पुन्हा दिसतात, त्याचे कारण निव्वळ योगायोगात नाही. चायनीज क्रेस्टेड, मेक्सिकन आणि पेरूव्हियन या केसहीन जातींमध्ये ‘फॉक्सआयथ्री’ नावाच्या जनुकात एकच बिघाड असतो, असे 2008 मध्ये संशोधकांनी दाखवून दिले. या जनुकाचा संबंध केस आणि दात या दोहोंच्या घडणीशी आहे. त्यामुळे ज्या कुत्र्याच्या अंगावर केस नाहीत, त्याचे दातही बहुधा अपुरे, किरकोळ किंवा तिरके येतात आणि दातांचा आधार नसल्याने जीभ तोंडाच्या एका बाजूने बाहेर लोंबते. छायाचित्रांत सर्वांत आधी नजरेत भरते ती हीच जीभ. हा बिघाड आई आणि बाप या दोघांकडूनही आला, तर पिल्लू गर्भातच मरते. म्हणून दोन केसहीन कुत्र्यांच्या जन्मलेल्या पिल्लांपैकी साधारण एक तृतीयांश पिल्ले केसाळ निघतात. हे वैशिष्ट्य पिढ्यानपिढ्या टिकून राहिले, ते माणसाने ते हौसेने जपले म्हणून.

2007 पासून स्पर्धेचा रोख स्पष्टपणे बदललेला दिसतो. त्या वर्षीचा विजेता एलवूड हा चायनीज क्रेस्टेड आणि चिवावा यांचा संकर होता. इतके कुरूप पिल्लू विकले जाणार नाही, म्हणून ब्रीडर, म्हणजे विक्रीसाठी कुत्र्यांची पैदास करणारा, त्याला मारून टाकण्याच्या बेतात होता, तेवढ्यात न्यू जर्सीतील एका बाईंनी त्याला घरी नेले. 2008 चा गस तीन पायांचा आणि एका डोळ्याचा होता. 2014 चा पीनट हा तर या यादीतील सर्वांत अस्वस्थ करणारा विजेता आहे. पिल्लू असताना कोणीतरी त्याला भाजले होते, त्यात त्याचे ओठ आणि पापण्या गेल्या, म्हणून त्याचे डोळे सदैव उघडे आणि दात सदैव दिसणारे. नॉर्थ कॅरोलिनातील निवाराघरातून एका कुटुंबाने त्याला दत्तक घेतले. हे ठाऊक झाल्यावर त्याच्या चेहऱ्याकडे पाहून हसू येऊ शकत नाही आणि मालकिणीने त्याला मंचावर आणले, ते प्राण्यांवरील क्रौर्याकडे लोकांचे लक्ष वेधण्यासाठीच.

त्यानंतरच्या वर्षांत मोठ्या आणि नामांकित जातींची कुत्रीही पुढे आली. 2017 ची मार्था ही तीन वर्षांची निऑपॉलिटन मॅस्टिफ, सुमारे 57 किलो वजनाची. तिला सोडवून आणले तेव्हा ती जवळजवळ आंधळी होती आणि शस्त्रक्रियांनंतर तिला नीट दिसू लागले. मंचावर तिने काहीच केले नाही. लोंबत्या कातडीसकट ती सरळ पसरून झोपली आणि प्रेक्षकांनी तिलाच डोक्यावर घेतले. 2018 ची झाझा ही नऊ वर्षांची इंग्लिश बुलडॉग होती. आयुष्याची पहिली पाच वर्षे तिने मिझुरीतील एका पपी मिलमध्ये, म्हणजे विक्रीसाठी अखंड पिल्ले काढणाऱ्या केंद्रात घालवली होती. किताब मिळाल्यानंतर अवघ्या काही आठवड्यांत तिचे निधन झाले. 2023 च्या स्कूटरचे मागचे पाय जन्मतःच उलटे वळलेले होते आणि मारून टाकण्यासाठीच ब्रीडरने त्याला प्राणी नियंत्रण केंद्रात सोडले होते.

स्पर्धेवर होणारी टीका येथेच सुरू होते आणि तिच्यात तथ्य आहे. आखूड नाकाची, सुरकुतलेली, श्वास घेताना घरघरणारी कुत्री टाळ्यांच्या गजरात मंचावर आली, की तीच गोजिरवाणी वाटू लागतात आणि त्यांची मागणी वाढते, असे अनेक पशुवैद्यांचे म्हणणे आहे. भारतात हे आपण पाहिलेच आहे. 2003 मधील हच या मोबाइल कंपनीच्या पग असलेल्या जाहिरातीनंतर मुंबई-पुण्यासह देशभर पग पाळण्याची लाट आली. वास्तविक कुत्रा धापा टाकून शरीर थंड करतो आणि आखूड नाकाच्या पगला आपल्याकडील उन्हाळ्यात तेच नीट जमत नाही. आयोजकांच्या बाजूने एवढे म्हणता येते, की पेटालुमात बक्षीस मिळते ते उत्पादकाला नव्हे, सांभाळणाऱ्याला. खरी जबाबदारी मानके ठरवणाऱ्यांची आहे. ब्रिटनमध्ये त्यांना ती पत्करावी लागली, तीही 2008 मध्ये बीबीसीने जातिवंत कुत्र्यांच्या आनुवंशिक आजारांवर माहितीपट दाखवल्यावर आणि क्रफ्ट्सचे प्रक्षेपण थांबवल्यावर. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीस केनेल क्लबने अनेक जातींची मानके बदलली. माझ्या मते या स्पर्धेचा न्याय करताना पेटालुमा आणि क्रफ्ट्स हे दोन्ही मंच शेजारीशेजारी ठेवूनच पाहायला हवेत.

कोविडमुळे 2020 आणि 2021 मध्ये स्पर्धा झाली नाही. 2024 मध्ये ऑरेगन राज्यातील वाइल्ड थँग हा पेकिनीज पाचव्या प्रयत्नात जिंकला. त्याची कहाणी जनुकांची नाही. पिल्लू असताना त्याला डिस्टेंपर झाला, लसीने सहज टाळता येणारा हा विषाणूजन्य आजार त्याच्या जिवावर बेतला, पण तो वाचला. त्याचे दात मात्र आले नाहीत, जीभ बाहेर राहिली आणि पुढचा उजवा पाय आजही पाण्यात वल्हवल्यासारखा अखंड हलत असतो. 2025 मध्ये स्पर्धेने पेटालुमा सोडले आणि ती जवळच्या सँटा रोझा येथील सोनोमा काउंटी फेअरमध्ये भरली. तेथे किताब मिळवणारी पेटुनिया ही दोन वर्षांची, अंगावर केस नसलेली फ्रेंच बुलडॉग आहे. ऑरेगनमधील घरी येण्यापूर्वी तिची लास व्हेगास येथील एका घरगुती ब्रीडरकडून सुटका करण्यात आली होती.